चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

कायद्याच्या हिशेबात मी 30 टक्के आहे. लहानपणी विटी लागून डावा डोळा गेला, उजवा शाबूत आहे, आणि केंद्र सरकारच्या अपंगत्वाच्या तक्त्यात एक डोळा गेलेल्या, दुसरा चांगला असलेल्या माणसापुढे 30 हा आकडा छापलेला आहे. सवलती सुरू होतात 40 पासून. त्यामुळे एसटीत मला अपंगांची सवलत नाही आणि नोकरीच्या अर्जात 'नाही'वर खूण करते. गावाकडे मात्र कुणी शुभकामाला निघालं आणि मी समोर आले तर माणसं परत घरात जातात, घोटभर पाणी पितात आणि मग निघतात. शाळेत मला झारीतला शुक्राचार्य म्हणायचे. मुलगी असून शुक्राचार्य.

पुण्यात एम. ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला 'अपंगत्व आणि समाज' असा एक ऐच्छिक पेपर होता. तो मी घेतला त्यामागं फार मोठा विचार नव्हता. दुसऱ्या पर्यायाचा तास सकाळी साडेसातला असायचा आणि मी राहायचे हडपसरला मावशीकडे. साडेसातला पोचायचं म्हणजे पहाटे पाचला उठणं आलं. मावशीनं विषयाचं नाव ऐकलं आणि म्हणाली, "आता डोळ्यावर पण मार्क मिळवणार का गं?" तिला वाटलं मला काहीतरी सवलतीत पास करणार आहेत.

पेपर सुरू झाला तो जुलै 2024 मध्ये. नेमकं त्याच महिन्यात पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ उठला होता. अमृततुल्यावर, बसमध्ये, लायब्ररीच्या पायऱ्यांवर, जो तो टक्क्यांबद्दल बोलत होता. ज्यांनी आयुष्यात कधी असं प्रमाणपत्र हातात धरलं नव्हतं ते ते कसं बोगस काढतात हे एकमेकांना समजावून सांगत होते. पहिल्या तासाला आम्हीही तेच सुरू केलं. मॅडमनी पाचएक मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पेपरातलं बास. उद्या येताना 2016 चा दिव्यांग हक्क कायदा घेऊन या, आणि फक्त कलम 2 वाचून या. सगळं वाचायच्या फंदात पडू नका."

वर्गात आम्ही दहाच्या आत. त्यातली एक कोथरूडमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करणारी, एक कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या शिक्षिका, एक बीड जिल्ह्यातला, जन्मापासून अंध असलेला मुलगा, आणि बाकी आम्ही. मला वाटतं हा पेपर जो काही जमला तो या जमवाजमवीमुळे. नुसते बी. ए. करून आलेले असते तर आम्ही सगळ्याला मान डोलावली असती.

कलम 2 मध्ये दोन व्याख्या शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. इंग्रजी मसुद्यात त्या वर्णानुक्रमानं लागल्या म्हणून शेजारी, पण वाचताना वाटतं कुणीतरी मुद्दाम बसवल्या असाव्यात. एक म्हणते, दिव्यांग व्यक्ती म्हणजे जिच्यातली दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव आणि बाहेरचे अडथळे यांची गाठ पडून तिला इतरांच्या बरोबरीनं समाजात वावरता येत नाही ती. यात टक्केवारी नाही, डॉक्टर नाही. ही भाषा संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारातून आलेली. भारतानं तो करार 2007 मध्ये मान्य केला. दुसरी व्याख्या म्हणते, ठरावीक दिव्यांगत्व असलेली व्यक्ती म्हणजे जिचं दिव्यांगत्व 40 टक्क्यांहून कमी नाही असं प्रमाणित झालेलं आहे ती. आणि नोकरीतलं 4 टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या 5 टक्के जागा, हे सगळं या दुसरीच्या पदरात. म्हणजे पहिल्या व्याख्येनं मी आत, दुसरीनं बाहेर. वर्गात मी हे बोलून दाखवलं तेव्हा बीडचा मित्र म्हणाला, "माझे दहा घे, मला शंभर आहेत."

सिद्धांताचा भाग आला तेव्हा खरी जुंपली. 1976 साली ब्रिटनमध्ये स्वतः अपंग असलेल्या काही कार्यकर्त्यांच्या संघटनेनं मांडलं की शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी. अपंगत्व समाज आपल्यावर लादतो. पुढे 1983 मध्ये माइक ऑलिव्हर यांनी याला सामाजिक प्रतिमान असं नाव दिलं. म्हणजे जिने असलेल्या इमारतीत चाकाच्या खुर्चीतला माणूस अडला तर दोष त्याच्या पायांचा नव्हे, जिन्याचा. मला हे ऐकून इतकं हलकं वाटलं की काय सांगू. फिजिओथेरपिस्ट मात्र उसळली. "मग मी रोज सकाळी काय करते, समाजाचे गुडघे वाकवते? माझ्याकडे येणाऱ्या बाईला रात्रभर ठणका लागतो. सगळ्या पुण्याला रॅम्प बांधले तरी तिचा ठणका राहणारच." मॅडमनी तिला गप्प केलं नाही. उलट सांगितलं की याच मुद्द्यावरून सामाजिक प्रतिमानावर आतूनच टीका झालेली आहे, त्या टीकेत अपंग अभ्यासकच पुढे होते, आणि दोन्ही बाजू वाचल्याशिवाय कुणी उत्तरपत्रिकेत 'मला वाटते' असं लिहायचं नाही. पुढचे दोन-तीन तास त्या ठणक्यावरच गेले. मी शेवटपर्यंत त्या दोन बाजूंच्या मध्ये कुठेतरी राहिले. डावीकडून येणारी दुचाकी मला दिसत नाही हा माझ्या डोळ्याचा भाग. शुभकार्याला मी नको हा काही डोळ्याचा भाग नव्हे. दोन्ही एकाच नावाखाली कोंबायची माझी तयारी नव्हती, अजूनही नाही.

वाचायचं बहुतेक सगळं इंग्रजीत, उत्तरं लिहायची मराठीत. त्यातही जे थोडंफार मराठीत होतं ते आमच्या मित्राला वाचता येईना. तो संगणकावर एनव्हीडीए वापरायचा. हा पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे, फुकट मिळतो. युनिकोडमधली मराठी तो वाचतो, आवाज यंत्रासारखा असला तरी कळतं. पण जुने मराठी लेख, जुने शासन निर्णय हे एकतर कागदाचे फोटो असतात किंवा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. डोळ्यांना ते मराठी दिसतं, यंत्राला मात्र ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ वाटते. मित्राच्या हेडफोनमधून मी एकदा ऐकलं. अपंग कल्याणाविषयीचा एक निर्णय 'स्लॅश, एच, कंसात के' असा चालला होता. मग आम्ही पानं वाटून घेतली. काही गूगलवरून अक्षरओळख करून घेऊन सुधारली, काही सरळ पुन्हा टाइप केली, उरलेली मी त्याला वाचून दाखवायचे. तासाभरानं माझा उजवा डोळा पाणावायला लागायचा. शिक्षिकाबाई म्हणायच्या, "तुमच्या दोघांत मिळून डोळा एक, आणि अभ्यास सगळ्या वर्गाचा." हे असं आम्ही आपसात बोलायचो. बाहेरचं कुणी म्हणालं असतं तर भांडण झालं असतं.

त्याच्या परीक्षेचं वेगळंच. तीन तासांच्या पेपरला लेखनिक घेणाऱ्याला तासाला 20 मिनिटं प्रमाणं आणखी एक तास मिळतो, हे कागदावर ठीक. पण लेखनिक आणायचा कुठून? तो शिक्षणानं परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचा हवा, पेपरच्या दिवशी मोकळा हवा, आणि अक्षर बरं हवं. मिळाला तो पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसणारा वाणिज्य शाखेचा मुलगा. गुणी होता, पण त्यानं 'फिंकलस्टाइन' हे त्या 1976 च्या ब्रिटिश संघटनेच्या एका संस्थापकाचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि 'फिनेल स्टाईल' लिहिलं. मित्रानं बाहेर आल्यावर ते वाचून घेतलं आणि पोट धरून हसला. मग म्हणाला, "माझे विचार कायम दुसऱ्याच्या स्पेलिंगमध्ये जातात."

मोजणी कशी करायची यावर एक प्रात्यक्षिक होतं, ते मला सगळ्यांत आवडलं. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती निघाल्या, लोकसंख्येच्या 2.21 टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानं जगातलं प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास धरलं. एवढा फरक का, हे मॅडमनी सांगितलं नाही, आम्हाला नारायण पेठेत आणि सिंहगड रस्त्याच्या एका सोसायटीत पाठवलं. आधी एकच प्रश्न विचारायचा, घरात कुणी अपंग आहे का? मग, गप्पा थोड्या झाल्या की, वॉशिंग्टन गटाचे सहा प्रश्न. अपंगत्व मोजायचं कसं यावर काम करणारा हा आंतरराष्ट्रीय गट. चष्मा लावूनही बघायला अडचण येते का, ऐकायला येते का, चालायला किंवा जिने चढायला, लक्षात ठेवायला, स्वतःचं आवरायला, आणि दुसऱ्याचं समजून घ्यायला किंवा आपलं समजावून सांगायला. प्रत्येकाला उत्तरं चार: अजिबात नाही, थोडी, खूप, मुळीच जमत नाही.

पहिल्या प्रश्नाला बहुतेक घरांत दारातच उत्तर मिळालं, "नाही हो, देवाच्या दयेनं आमच्याकडे तसं कुणी नाही." एका वाड्यात हे उत्तर ज्या आजोबांनी दिलं त्यांना आमचा पुढचा प्रश्नच ऐकू आला नाही, सुनेनं कानाशी जाऊन ओरडून सांगितला. आजी वरच्या मजल्यावरून दोन वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या, कारण लाकडी जिना उभा आणि कठड्याऐवजी दोरी. "वय झालंय, त्यात काय अपंग?" असं सूनबाई म्हणाल्या. सोसायटीत एका घरी आईनं पहिल्या प्रश्नाला नाही म्हटलं, चहा दिला, सहा प्रश्न ऐकले आणि मग आतल्या खोलीचं दार लोटून घेऊन हळू आवाजात थोरल्या मुलाबद्दल सांगितलं. ते मी वहीत लिहिलं नाही. वर्गात कोडिंग करताना, म्हणजे उत्तरांना आकडे देताना, ती ओळ मोकळी राहिली आणि मॅडमनी ती तशीच राहू दिली.

इंग्रजांनी 1872 च्या जनगणनेपासून आंधळे, बहिरे-मुके, वेडे आणि कुष्ठरोगी मोजले होते; 1931 नंतर ते थांबलं. स्वातंत्र्यानंतर 1981 ला पुन्हा प्रश्न विचारला गेला, 1991 ला गळला, 2001 पासून परत आला. कोणत्या वर्षी कोण मोजलं गेलं याचा तक्ता आम्ही भिंतीवर लावला होता. 1995 च्या कायद्यात प्रकार 7 होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. त्या यादीत ठेंगूपणाची उंचीही दिली आहे, 147 सेंटिमीटर किंवा कमी. टेप आणून आम्ही वर्गात मोजामोज केली आणि एक मैत्रीण 146 भरली. तिचा आनंद फार टिकला नाही, कारण व्याख्येत ही उंची वैद्यकीय किंवा जनुकीय कारणानं आलेली असावी लागते. तिची तर सगळीच मावसभावंडं तेवढी.

पुण्याचा म्हणून एक भाग अभ्यासक्रमात होता. लढाईत जायबंदी झालेल्या सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी 1917 मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आज खडकीत आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. 1965 च्या युद्धात गोळ्या झेललेले मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. देशासाठी गेलेला पाय आणि असाच गेलेला पाय यांना समाज एका मापानं बघत नाही, हे इथं बघायला मिळतं. मी त्यावर एक टिपण लिहिलं, ते सामान्य उतरलं.

पण याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट मॅडमनी सांगितली तेव्हा पंखे तेवढे फिरत होते. फेब्रुवारी 1994. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्यात ससूनला आणून त्यांची गर्भाशयं काढली. कारण सांगितलं गेलं ते मासिक पाळीच्या काळातल्या स्वच्छतेचं. मुलींना स्वतःचं आवरता येत नाही, सांभाळणाऱ्यांना त्रास होतो. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आमच्यातल्या कुणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, शिक्षिकाबाई सोडून. त्यांना आठवत होतं. त्या म्हणाल्या, "तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्या बायका म्हणाल्या होत्या की बरंच झालं. आणि आजही पालक मला बाजूला घेऊन विचारतात, बाई, असं काही करता येतं का?" आज कायद्याच्या कलम 10 प्रमाणे व्यक्तीच्या स्वेच्छेनं, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता घालवणारा कोणताही उपचार करता येत नाही. समजून-उमजून म्हणजे काय आणि ते कुणी ठरवायचं, यावर तो तास संपला, पुढचाही संपला. सामाजिक प्रश्न म्हणजे काय हे मला प्रतिमानांपेक्षा त्या दोन तासांत जास्त कळलं. कारण तिथं दुष्ट कुणी नव्हतं. सोय होती.

संशोधन प्रकल्पासाठी मला एक डोळा असलेल्या मुलींच्या लग्नांवर काम करायचं होतं. मॅडमनी विचारलं, "मुलाखती मिळतील?" मी म्हटलं, माझ्या ओळखीत तीन-चार आहेत. "त्यात तू एक?" हो. "मग डायरी लिही, प्रकल्प दुसरा घे." मग विषय ठरला तो प्रमाणपत्राचा: टक्केवारी मिळवताना माणसं काय काय करतात.

परवानगीची पत्रं, संमतीपत्रकाचा नमुना, तो वाचता न येणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायची सोय, यात दीड-दोन महिने सहज गेले. कर्णबधिर व्यक्तीच्या मुलाखतीला सांकेतिक भाषेचा दुभाषा लागतो, त्याला मानधन द्यावं लागतं, आणि विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला असा खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही, हेही तेव्हाच कळलं. शेवटी शिक्षिकाबाई आल्या, फुकट, रविवारी.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. सरकारी, तालुक्यापासून लांब, आठवड्यातून एक दिवस 'बोर्ड'. अर्ज आता स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा आणि मग तपासणीला यायचं. रांग उजाडायच्या आत लागायची. पहिल्या एसटीनं आलेले पुढे, मागून येणारे मागे, आणि केसपेपरच्या खिडकीपाशी दोन्हींची गल्लत. हाडांचे डॉक्टर तळमजल्यावर, कानाची तपासणी वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. यावर आमच्या सिद्धांतात अख्खं प्रकरण निघालं असतं, पण रांगेत कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं. सगळ्यांचा प्रश्न एकच, "टक्के बसतील का?"

मळणीयंत्रात हाताची बोटं गेलेला शेतकरी होता. दहावीतली एक मुलगी होती, दोन्ही कानांचा तोटा 55 डेसिबल. कायद्यात ऐकू कमी येणं सुरू होतं 60 पासून. तिची आई मला म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी आणू का? तोवर आणखी कमी येईल." हे ती आशेनं विचारत होती. स्वमग्न मुलाचे वडील होते. घरी त्याला शांत करायला जे जे करायचे ते त्यांनी त्या सकाळी मुद्दाम केलं नव्हतं, म्हणजे डॉक्टरांना नीट दिसावं. एक मावशी रोज कुबडी न घेता वावरतात, पण बोर्डाला शेजारणीची कुबडी मागून आणली होती. गदारोळाला सहा महिने होऊन गेले होते, तरी डॉक्टर सगळ्यांकडे संशयानं बघतात अशी तक्रार होती. एक तरुण डॉक्टर चहा पिताना मला म्हणाले, "मी टक्का वाढवला तर माझी चौकशी, कमी केला तर माझ्या नावानं बोटं मोडणार. मला माणूस तपासायला दिलाय की मोजायला?" त्यांच्या बाजूचंही एक प्रकरण मी लिहिलं. माझ्या मते ते सगळ्यांत बरं झालंय.

आणि शिंपीदादा. पोलिओनं पाय बारीक, शिवणयंत्र पायानं चालवणं सुटल्यावर मोटार बसवून घेतलेली. पायाला 30 टक्के लागले, एका डोळ्याला 20. ते बाहेर आले तेव्हा चेहरा पडलेला. "तीस आणि वीस पन्नास होतात ना ताई? यांनी त्रेचाळीस लिहिलेत. सात कुठं गेले?"

मी पायरीवर बसून त्यांना सूत्र काढून दाखवलं. मोठा आकडा तसाच ठेवायचा. लहान आकड्याला 90 मधून मोठा आकडा वजा करून जे उरेल त्यानं गुणायचं, 90 नं भागायचं, आणि ते मोठ्यात मिळवायचं. वीस गुणिले साठ भागिले नव्वद, तेरा आणि थोडे. तीस आणि तेरा त्रेचाळीस. सरळ बेरीज केली तर काहींची शंभराच्या पुढे जाईल, म्हणून हे. दादांनी आकडेमोड दोनदा तपासली, माप घेणारा माणूस. मग म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. पण पाय धड नसलेल्याला डोळा जास्त लागतो का कमी?" मी ते वाक्य तसंच्या तसं प्रकल्पात घातलं आणि त्याच्याखाली कुणाचाही संदर्भ दिला नाही.

मला सुरुवातीपासून लिहायचं होतं की ही टक्केवारीच काढून टाका. वर्गात शिकलेलं सगळं तिकडेच नेत होतं. त्यात ऑक्टोबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हाताशी होता. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वाचेचं अपंगत्व 40 टक्क्यांहून जास्त म्हणून वैद्यकीय प्रवेशाला अपात्र ठरवलं होतं. न्यायालय म्हणालं, नुसत्या आकड्यावरून नाही म्हणता येणार नाही, तो अभ्यासक्रम त्याला जमेल का हे तपासा. म्हणजे राखीव जागेला 40 पाहिजेत आणि त्याच जागेला 40 नकोत! मी हे दादांना सांगितलं तर ते हसलेही नाहीत. "टक्के काढले तर आम्हाला ओळखणार कसं? उद्या सरपंच म्हणेल, हा तर चांगला चालतोय." निराधार योजनेचे महिन्याचे तेव्हाचे दीड हजार, ज्याला गावात सरळ पगार म्हणतात, एसटीची सवलत, ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला अपंगांसाठीचा 5 टक्के निधी, या सगळ्याला तो एक कागद लागतो. सरपंचाच्या मर्जीपेक्षा त्यांना डॉक्टरचा आकडा बरा वाटत होता. तो निदान लिहिलेला असतो.

तेव्हा प्रकल्पात मी एवढंच मांडलं की एकच आकडा सगळ्या दारांना लावू नये. बसच्या सवलतीसाठी बसची पायरी चढता येते का विचारा, परीक्षेसाठी लिहिता-वाचता कसं येतं ते विचारा, निवृत्तिवेतनासाठी कमाई किती बुडते ते. वॉशिंग्टन गटाच्या प्रश्नांची रीत थोडी बदलून मी एक नमुना जोडला. मॅडम म्हणाल्या, भाबडं आहे, पण राहू दे, तोंडी परीक्षेला कुणीतरी यावर बोलेल.

तसंच झालं. बाहेरून आलेले परीक्षक भाबडेपणावर बोलले, नमुन्याच्या आकारावर बोलले, मग चष्मा काढून म्हणाले, "तुम्ही स्वतः या विषयात आतल्या की बाहेरच्या?" मी म्हटलं, "कायद्यानं बाहेरची सर, गावानं आतली." त्यांनी ते लिहून घेतलं. मार्क मात्र बेताचेच दिले.

निकाल लागल्यावर मी प्रकल्पाचा चार पानी सारांश सोप्या मराठीत केला आणि ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना वाचून दाखवायला गेले, काहींना फोनवर. 55 डेसिबलवाल्या मुलीला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिनं अंगठा पाठवला आणि विचारलं की अकरावीला समाजशास्त्र घेऊ का. शिंपीदादांनी काम थांबवून सगळं ऐकलं. "बरोबर लिहिलंय," म्हणाले, "पण खर्च कुठाय?" कसला? "बोर्डाला जायचा. एसटीची सवलत कागद मिळाल्यावर. कागद आणायला जाताना तिकीट पुरं. माझं एक, बरोबरच्या पोराचं एक, त्याची बुडालेली रोजी, माझं बुडालेलं शिवण, झेरॉक्स, फोटो. आणि डॉक्टर नाही आले तर परत सगळं पहिल्यापासून." त्यांनी खडूनं कापडाच्या कडेवर आकडे मांडून दाखवले. मी ते उतरवून घेतले, बाकीच्यांनाही फोन करून त्यांचे विचारले, आणि एक तक्ता केला. महाविद्यालयात जमा झालेल्या प्रतीत तो जाऊ शकत नाही, पण मॅडमकडच्या आणि माझ्याकडच्या प्रतीला मी तो मागे चिकटवला आहे. पीएच. डी.च्या अर्जात विषय म्हणून सध्या तोच लिहिला आहे.